आधी गेट, मग स्टेज: नागपूरच्या चर्च कमिट्यांना नाताळ महोत्सवाबद्दल खुलं पत्र

प्रति,
नागपूर आणि कामठीतील चर्चच्या पास्टरेट कमिट्या, पॅरिश कौन्सिल आणि नाताळ महोत्सव समित्या

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी उपासना आटोपली की कमिटी बसते. पहिला विषय स्टेजचा: किती फूट, मागचा पडदा कोणत्या रंगाचा, प्रमुख पाहुणे कोण. दुसरा विषय जेवणाचा. तिसरा डान्सच्या ग्रुपचा. गेट, शौचालय, वायरिंग आणि पाणी हे चार विषय ‘बाकीचं बघून घेऊ’ या एका वाक्यात मिटतात. मंडप, वीज, साउंड, स्वयंपाक आणि गर्दी सांभाळणारी आम्ही माणसं हे पत्र लिहितोय ते एवढंच सांगायला, की हा क्रम उलटा आहे. मंडळीपुरती उपासना असेल तर उलट्या क्रमानेही निभावतं. अख्ख्या वस्तीला आमंत्रण दिलं की निभावत नाही.

फरक साधा आहे. मंडळीतल्या माणसाला कंपाउंड पाठ असतं. नळ कुठे, मागची वाट कुठे, कोणत्या पायरीवर ठेच लागते हे त्याला अंधारातही कळतं, आणि तो उपासनेच्या वेळेला येऊन उपासना संपल्यावर जातो. वस्तीतलं कुटुंब पहिल्यांदाच आत येतं, लेकरांसकट, दुचाकीवर, आणि बहुतेक सगळी कुटुंबं साडेसहा ते साडेसात या एकाच तासात. नाताळात सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलकडे आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलकडे सगळ्या धर्मांचे नागपूरकर रोषणाई आणि गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बघायला जातात. तिथे आवार तरी मोठं आहे. मोहननगर, गड्डीगोदाम, मेकोसाबाग, जरीपटका भागातल्या लहान चर्चना तेवढी जागा नाही, पण हौस तेवढीच आहे.

म्हणून सुरुवात टेपने करा. समजा कंपाउंड तीस मीटर बाय चाळीस, म्हणजे बाराशे चौरस मीटर. त्यातून चर्चची इमारत किंवा हॉल, स्टेज, स्टॉल, गव्हाणीची रांग, जनरेटर आणि स्वयंपाकाची जागा वजा केली की हातात सहाशे उरले तरी नशीब. मधली वाट धरून एका खुर्चीला पाऊण चौरस मीटर लागतो. चारशे खुर्च्या म्हणजे तीनशे चौरस मीटर. उरलेल्या तीनशेत, चौरस मीटरला दोन माणसं या हिशोबाने, सहाशे उभी. एका वेळी हजार माणसं ही तुमची मर्यादा. चौरस मीटरला चार झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने वळू शकत नाही, आणि पाच-सहा झाली की गर्दी पाण्यासारखी वाहते. ती मग कोणाचं ऐकत नाही. ‘येतील तेवढे येऊ देत, देवाचं घर आहे’ हे उपासनेत म्हणायला ठीक आहे. गेटवर उभ्या असलेल्या पोराच्या हातात मात्र आकडा पाहिजे आणि मोजायला टिकटिक करणारं काउंटर पाहिजे. आठशेला त्याने समितीला फोन करायचा, हजारला आतला माणूस बाहेर पडेपर्यंत दोरी धरायची.

आता गेटची रुंदी. सपाट जमिनीवर मोकळं चालणारी माणसं एक मीटर रुंदीतून मिनिटाला ऐंशीच्या आसपास जातात. कडेवर मूल, हातात द्रोण आणि पायाखाली गेटची लोखंडी पट्टी असेल तर पन्नास धरा. तीन मीटरच्या गेटातून मिनिटाला दीडशे, म्हणजे हजार माणसं सात मिनिटांत बाहेर. कागदावर छान दिसतं. मग गेटच्या दोन्ही अंगांना दुचाक्या लागतात, फुगेवाला येतो, आणि आपणच हौसेने ‘स्वागतम्’ची बांबूची कमान उभी करतो. उरतो एक मीटर. सातची वीस मिनिटं होतात, आणि तेही बाहेरून कोणीच आत येत नाही असं धरून. कमान लावायचीच असेल तर गेटच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा मीटर मोठी लावा, खांब रस्त्याच्या बाजूला नकोत.

येण्याचं गेट आणि जाण्याचं गेट वेगळं ठेवा. बऱ्याच आवारांना मागे किंवा बाजूला दुसरं गेट असतं. त्याच्यासमोर जुनी बाकं, गेल्या वर्षीचा गोठा आणि विटांचा ढीग असतो, कुलूप गंजलेलं असतं आणि किल्ली कोणाकडे आहे यावर दोन मतं असतात. ते गेट उघडण्याचं काम नोव्हेंबरात करा. कार्यक्रम चालू असेपर्यंत त्याला कुलूप नको, आतून नुसती कडी, आणि शेजारी एक माणूस. आत दुचाकी अजिबात घेऊ नका. फिरायच्या जागेसह एका दुचाकीला तीन चौरस मीटर लागतात. दोनशे दुचाक्या म्हणजे सहाशे चौरस मीटर, म्हणजे तुमच्या हजार माणसांची सगळी जागा. जवळच्या शाळेचं मैदान मागा. ॲम्ब्युलन्ससाठी गेटपासून स्टेजपर्यंत साडेतीन मीटरची पट्टी चुन्याने आखा आणि तीवर खुर्च्या सरकणार नाहीत हे बघायला माणूस ठेवा, कारण नऊनंतर त्या सरकतातच.

या बाबतीत नागपूरला बाहेरून शिकायची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारी लाखोंची गर्दी, रस्त्याच्या कडेने लागणारे अन्नदानाचे स्टॉल, मारबतीची मिरवणूक, गल्लोगल्लीचे गणपती हे सगळं याच शहरात होतं. तुमच्या वस्तीतल्या गणेश मंडळाच्या आणि बुद्धविहाराच्या पोरांना दोरी कशी धरायची, बल्ल्या कुठे ठोकायच्या, पाणी रांगेच्या शेवटी नव्हे तर मध्यावर का ठेवायचं, हे आपल्या युवक संघापेक्षा जास्त कळतं. त्यांना पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवण्याऐवजी स्वयंसेवकाची पट्टी द्या. सामुदायिक महोत्सव हा शब्द पत्रिकेवर छापला आहे, तर कामातही दिसू दे. आणि गल्लीतल्या ज्या दहा-बारा घरांसमोर गर्दी होणार, त्यांच्याकडे आठवडाभर आधी केक आणि एका जबाबदार माणसाचा मोबाईल नंबर घेऊन जा. पोलिसांकडे जाणारी तक्रार बहुधा याच घरांतून जाते, आणि ती आवाजाबद्दल कमी, ‘आमची गाडी निघत नव्हती’ याबद्दल जास्त असते.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, अग्निशमन विभागाची ना हरकत, आणि मंडपाची एक बल्लीसुद्धा रस्त्यावर येत असेल तर महापालिकेचं झोन कार्यालय. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. शहराचं पोलीस बळ मोर्चांच्या आणि नेत्यांच्या बंदोबस्तात अडकतं, सिव्हिल लाइन्स आणि सदरकडचे रस्ते वळवले जातात. १५ डिसेंबरला अर्ज घेऊन गेलात तर तो अर्ज वाचायला माणूस नसतो. अर्ज नोव्हेंबरात द्या, सोबत हाताने काढलेला का होईना पण नकाशा जोडा: दोन्ही गेटं, स्टेज, जनरेटर, चूल, ॲम्ब्युलन्सची पट्टी.

लाउडस्पीकरचा नियम सगळ्यांना अर्धवट माहीत असतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागेत लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुमचा दिवस त्या यादीत आहे का ते बघा. ‘नाताळ आहे म्हणजे असणारच’ असं धरू नका, कारण बरेच महोत्सव २० ते २३ डिसेंबरच्या मध्ये होतात आणि सूट असली तर ती २५ ला असते. शिवाय रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, तिथे ही सूट चालत नाही. मिशनच्या जुन्या आवारात चर्चला लागूनच शाळा किंवा दवाखाना असतो हे आपल्यालाच आठवत नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे दोन माणसांच्या साध्या बोलण्याच्या आगेमागे. दहा फुटांच्या बेसच्या भिंती कशाला मागवता? स्पीकर अडीच मीटर उंच, तोंड किंचित खाली आणि श्रोत्यांकडे वळवलेलं, पाठ घरांकडे. दोन मोठ्यांऐवजी चार लहान, अंतराअंतरावर. शेवटच्या रांगेला शब्द कळतात आणि मागच्या गल्लीत खिडक्या थरथरत नाहीत.

खरं तर नागपूरची थंडीच हा प्रश्न सोडवते. २५ डिसेंबरला पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दरवर्षी तेवढं होत नाही, पण आठनंतर म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं उठायला लागतात हे दरवर्षीचं आहे. म्हणून पावणेसहाला सुरू, साडेनऊला शेवटची प्रार्थना. साडेसातचा मुहूर्त काढून पाहुण्यांसाठी आठपर्यंत थांबणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना सुवार्ता सांगणं. शेकोटी कापडी कनातीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, विटांच्या रिंगणात आणि शेजारी पाण्याची बादली. आणि डिसेंबरअखेर विदर्भात अवकाळी पाऊस, कधी गारपीटसुद्धा येते. स्टेज आणि साउंडच्या टेबलापुरती तरी ताडपत्री गुंडाळून तयार ठेवा.

आता वीज. इथे आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण जीव इथेच जातो.

चर्चच्या मीटरवरून महोत्सव चालवू नका. जुन्या इमारतीतली वायरिंग आठ पंखे आणि दहा दिव्यांसाठी घातलेली असते. बोर्डावर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतात, आणि गेल्या नाताळात फ्यूज सारखा उडत होता म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घातलेली असते. फ्यूज उडणं थांबतं, आता भिंतीतली वायर तापते. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या किंवा जनरेटर भाड्याने घ्या, आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या.

हिशोब असा बसतो. साउंड तीन किलोवॉट. स्टेजचे सोळा एलईडी पार, म्हणजे रंगीत झोताचे दिवे, प्रत्येकी दीडशे वॉट धरून, जवळपास अडीच किलोवॉट. आवाराचे दहा एलईडी फ्लडलाइट, शंभर वॉटचे, एक. रोषणाईच्या माळा अर्धा. एकूण सात किलोवॉट. वर पाव भाग राखीव धरून नऊ किलोवॉटच्या आसपास. पंधरा केव्हीएचा जनरेटर पुरतो. मग तो बंद का पडतो? स्टॉलमुळे. स्टॉलला दिव्यासाठी दिलेल्या पॉइंटवर कोणीतरी दीड हजार वॉटची किटली लावतो, शेजारचा पॉपकॉर्नचं मशीन, तिसरा केक गरम करायला ओटीजी. तीन स्टॉलनी साडेचार किलोवॉट खाल्ले आणि लोड पत्रकात त्यांची नोंदच नाही. नियम एकच करा: स्टॉलला वीस वॉटचा एलईडी दिवा आपण लावून देऊ, सॉकेट मिळणार नाही. ज्याला गरम करायचं आहे त्याने स्टॉल घेतानाच लिहून द्यावं, त्याला वेगळी लाइन.

साउंड आणि लाइट एका फेजवर ठेवू नका. दिवे मंद-तेज झाले की स्पीकरमधून भुणभुण येते आणि साउंडवाला बिचारा केबल बदलत बसतो. प्रत्येक लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पाहिजे. आठनंतर दव पडायला लागतं, जमिनीवरच्या जोडात ओल शिरते आणि आरसीसीबी पडतो. दोनदा पडला की कोणीतरी शहाणा तो वगळून थेट तार जोडतो. आरसीसीबी बिघडलेला नसतो, तो सांगत असतो की करंट कुठेतरी जमिनीत चाललाय. जोड जमिनीपासून फूटभर वर, विटेवर किंवा बल्लीला बांधून, वर प्लॅस्टिकचा डबा उपडा. गालिच्याखाली जोड कधीच नाही. सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे मंडपाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली स्वस्त दोनतारी माळ. पाइपच्या कडेने तिचं आवरण सोलतं आणि अख्खा मंडप जिवंत होतो. दवाने ओला झालेला पाइप धरून उभं राहणारं मूल बूट काढून नाचायला आलेलं असतं. स्टेजचा सांगाडा आणि मंडपाचे पाइप अर्थिंगला जोडा, माळा पाइपाला न गुंडाळता दोरीवर टांगा. जनरेटर दुपारी चारला चालू करून बघा, थंडीत बॅटरी दगा देते. त्याचा धूर कनातीच्या आत जाणार नाही असा ठेवा आणि डिझेल चालू मशीनमध्ये ओतू नका.

जुन्या दगडी किंवा चुन्याच्या भिंतीत माळांसाठी खिळे ठोकू नका. गिलावा सुटतो, पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं आणि डागडुजीला चुन्याचं काम करणारा मिस्त्री शोधत फिरावं लागतं. वाळूच्या पोत्यांनी दाबलेल्या बल्ल्या भिंतीपासून हातभर पुढे उभ्या करा, रोषणाई त्यांच्यावर.

चांदणी मात्र विकत आणू नका, संडे स्कूलच्या मुलांकडून करून घ्या. पाच फुटांच्या चांदणीला पाच फुटांच्या दहा कामट्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या सुतळीने बांधायच्या, पाची टोकं एकमेकींना जोडायची, आणि आतल्या पाच कोपऱ्यांत आठ इंचांच्या पाच काड्या अडकवायच्या म्हणजे पोट फुगतं. वरून पतंगी कागद. संक्रांत जवळ असल्यामुळे तो डिसेंबरात सहज मिळतो. आत नऊ वॉटचा एलईडी, कागदापासून चार बोटं दूर. टांगताना तीन दिशांनी ताण द्या, नाहीतर वाऱ्याने गरगर फिरून वायर पिळते. नायलॉन मांजा वापरू नका. त्यावर बंदी आहे आणि तो सुटून गेटवर आडवा आला तर गळे कापतो.

गव्हाणीचा गोठा म्हणजे वाळलेलं तणस, बर्फ म्हणून कापूस, आणि मध्ये दिवा. आग लावायला यापेक्षा चांगली मांडणी सापडायची नाही. कापूस पूर्णपणे वगळा. बेथलेहेमच्या गोठ्यात बर्फ हवाच कशाला, आणि नागपूरच्या लेकरांनी तो पाहिलाय कुठे? तणसावर पाणी शिंपडून ठेवा, दिवे फक्त एलईडी आणि तणसापासून हातभर लांब, आणि रांग एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. समोर बल्लीची आडवी रेघ ठोका. फोटोसाठी थांबणारा माणूस रांग अडवतो, म्हणून फोटोची जागा रेघ संपल्यावर दोन मीटर पुढे ठेवा. आग विझवायचा सहा किलोचा एबीसी सिलिंडर गव्हाणीजवळ एक, स्टेजजवळ एक, जनरेटरजवळ एक, स्वयंपाकाकडे दोन. तो चालवता येणाऱ्या माणसाचं नाव त्यावर चिकटवा.

शेवटी मेणबत्त्या लावणार असाल तर पुठ्ठ्याची चकती घातलेल्याच वाटा. माइकवरून एकच सूचना द्या: पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरकी करून तिच्यावर आणायची. सगळे नेमकं उलट करतात, आणि गरम मेण शेजारच्याच्या शालीवर जातं. दहा वर्षांखालच्या मुलांना बॅटरीचे दिवे द्या.

जेवणाचं गणित. हजार माणसांना मसालेभात आणि कढी द्यायची तर एक किलो तांदळात नऊ-दहा माणसं, म्हणजे एकशे दहा किलो तांदूळ. सगळा एकदम शिजवू नका. दुपारी तीनला शिजवून झाकून ठेवलेला कोमट भात रात्री आठला वाढला, तर त्यात जिवाणूंनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि उलट्या सुरू होतात त्या घरी गेल्यावर, मध्यरात्री. दोन घाणी करा, एक साडेपाचला तयार, दुसरी सातला, आणि वाढताना भात ६० अंशांच्या वर असला पाहिजे. वाफ दिसत नसेल तर भात वाढायचा नाही. चहा ऐंशी मिलिलिटरचा कप धरला तर हजारला ऐंशी लिटर: दूध चाळीस, साखर साडेसहा किलो, पत्ती दोन किलोच्या आत. पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंचवीस जार, आणि हात धुवायला हजार लिटरची टाकी वेगळी, नळांसह.

सावजी रस्सा ठेवावा की नाही यावर कमिट्यांत भांडणं होतात. आमचं मत: ठेवा, पण वेगळ्या पंगतीत, वेगळ्या पळीने, आणि शाकाहारी बाजू गेटच्या जवळ. ज्याला मटणाच्या वासातून जायचं नाही त्याला जावं लागू नये. प्लम केकमध्ये रम असेल तर पाटीवर तसं लिहा, अंड्याचा आणि बिनअंड्याचा केक वेगळ्या सुरीने कापा. एक किलोत पन्नास ग्रॅमचे वीस तुकडे होतात, म्हणजे हजारला पन्नास किलो. निम्मा बिनअंड्याचा ठेवा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या घरून येणार असतील तर ज्या घरून आल्या त्याचं नाव डब्यावर पाहिजे. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण विदर्भात मिळतात, ते वापरा. गॅस एकोणीस किलोचाच सिलिंडर, उभा, कनातीच्या बाहेर. घरगुती लाल सिलिंडर आणून अब्रू आणि परवानगी दोन्ही घालवू नका.

सांताबद्दल. गर्दी चेंगरते ती बहुतेक वेळा इथेच, स्टेजवरून चॉकलेट फेकलं की. पहिल्या मुठीला वीस मुलं धावतात, दुसऱ्या मुठीला त्यांच्यामागून त्यांच्या आया. वरून काहीही फेकायचं नाही, हा नियम सांतालाही लागू. त्याला जाण्याच्या गेटवर उभा करा. जाताना प्रत्येकाच्या हातात एक वस्तू, म्हणजे गर्दी आपोआप बाहेरच्या दिशेने सरकते. आणि वस्तू कोणती? सांताने संत्रीच वाटावीत. आंबिया बहाराचा माल डिसेंबरात कळमन्याच्या बाजारात असतो, किलोला सात-आठ बसतात, हजार माणसांना एकशे चाळीस किलो पुरतात, आणि प्रत्येकाला गुंडाळायला प्लॅस्टिक लागत नाही. गेटबाहेर सालांसाठी दोन पिंपं ठेवायला विसरू नका.

शौचालयं: पाचशे बायकांना किमान सहा, पुरुषांना दोन आणि चार मुताऱ्या. आवारात असलेली आधी मोजा. सहसा दोन निघतात, त्यातल्या एकाला कडी नसते. महापालिकेचं फिरतं शौचालय मागवा, पण ते अंधाऱ्या कोपऱ्यात उभं करू नका. दिवा, पाणी, कडी, आणि दर तासाला बघणारी बाई. बाई एकटी जाऊ शकली पाहिजे.

हरवलेल्या मुलाचं नाव आणि कपडे माइकवरून सांगू नका. ‘अमुक टेबलाकडे पालकांनी यावं’ एवढंच सांगा आणि मूल नेणाऱ्याला मुलाचं नाव विचारा. येतानाच मनगटावर कागदी पट्टीवर पालकाचा नंबर लिहिला तर हे सगळं लागतच नाही.

राहिला स्टेज. वीस नाच, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं, असा हिशोब कमिटी करते. दोन नाचांमध्ये माइक काढणं, ग्रुप चढणं, गाणं सापडणं यात तीन मिनिटं जातात ती कोणी धरत नाही. खरी वेळ एकशे चाळीस मिनिटं. बारा घ्या. गाणी एकाच पेनड्राइव्हवर, क्रमाने. मोबाईलवरून वाजवणार असाल तर तो फ्लाइट मोडवर, नाहीतर देवदूत येण्याच्या क्षणी कोणाच्या तरी काकांचा फोन वाजतो. वीस जणांच्या कॅरलला समोर तीन चांगले माइक पुरतात. प्रत्येकाच्या हातात एक दिला की शिट्टी वाजतेच. ढोलकी आणि पेटीला मात्र स्वतंत्र माइक द्या. मराठी भजनं आहेत, हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळी मंडळ्या आहेत. प्रत्येकीचं एक कॅरल ठेवलं तर पाऊण तास असाच भरतो आणि शहर ऐकायला येतं. संदेश बारा मिनिटं. शाल-श्रीफळ नको. स्टॉलवर येणाऱ्याच्या हातात न मागता पत्रकं कोंबू नका. पाहुण्याला जेवायला बोलावून व्याख्यान देत नाहीत.

आणि तारखा. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्च परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ते याच नागपुरात. इथे आता शेजारच्या दोन चर्चना एकाच संध्याकाळी एकाच साउंडवाल्याला बोलवायचं टाळता येत नाही, हे जरा गमतीचं आहे. ऑक्टोबरातच भागातल्या सगळ्या सेक्रेटरींनी तारखा वाटून घ्या. मंडप, खुर्च्या आणि जनरेटर दोन चर्चनी मिळून सलग दोन दिवस घेतले तर वाहतुकीचं भाडं एकदाच लागतं, आणि पहिल्या दिवशी चुकलेलं दुसऱ्या दिवशी सुधारता येतं.

हिशोबाला दोन सह्या, क्यूआर कोड चर्चच्या खात्याचा, कोणा सभासदाचा नव्हे, आणि नेटवर्क कोलमडलं तर छापील कुपनं. याहून जास्त सांगायची गरज नसावी.

एक विनंती आहे. यंदाची पहिली बैठक हॉलमध्ये नका घेऊ. एखाद्या संध्याकाळी साडेसहाला, अंधार पडल्यावर, सगळे गेटवर जमा. सोबत टेप, बॅटरी आणि दुसऱ्या गेटची किल्ली आणा. किल्ली सापडली नाही, तर पहिला ठराव कुलूपवाल्याला बोलावण्याचा करा.

आपले,
मंडप, वीज, साउंड, स्वयंपाक आणि गेटवरची माणसं
नागपूर